कापडी टपाच्या जीपला रोल बार: आधी पाय बघा, मग कमान

डोळखांबहून अजोबाच्या पायथ्याकडे, धसईच्या पुढे आतल्या पाड्यांवर किंवा टोकावड्याकडून नाणेघाटाच्या दिशेने पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांना एक प्रसंग ओळखीचा असेल. रस्ता एकेरी, डांबराच्या कडेचा मुरूम पावसाने सुटलेला, समोरून एसटी येते. डाव्या बाजूची चाकं डांबराखाली उतरतात. खाली दोन हात खोल भातखाचर असतं. गाडीचा वेग जेमतेम वीसचा. ती कलते, क्षणभर सावरेल असं वाटतं आणि मग बांधावरून खाचरात कलंडते. कधी कुशीवर थांबते, कधी पूर्ण उताणी होते.

पत्र्याच्या टपाच्या गाडीत अशा वेळी खांब आणि छत काही भार घेतात. कापडी हुडाच्या जिप्सीत, जुन्या महिंद्रा जीपमध्ये किंवा पहिल्या पिढीच्या थारमध्ये तसं काहीच नसतं. हुडाच्या आतल्या पातळ कमानी कापड ताणून धरण्यासाठी असतात, गाडीचं वजन पेलण्यासाठी नाही. जुन्या जीपची आणि जिप्सीची पुढची काच तर चौकटीसकट बॉनेटवर दुमडता येते. तिच्या बिजागऱ्यांवर टनभर वजन टिकेल, अशी आशा ठेवू नये. अशी गाडी उताणी झाली, तर जमीन आणि गाडी यांच्यामध्ये बसलेल्यांची डोकी आणि खांदे एवढंच उरतं.

रोल बारचं काम हेच आहे, की गाडी उलटल्यावर आतल्या माणसाला बसल्या जागी राहण्यापुरती जागा शिल्लक ठेवणं. आपल्याकडच्या अशा कमी वेगाच्या कलंडण्यात नीट बनवलेला बार हे काम चोख करू शकतो. महामार्गावर शंभरच्या वेगात तीन-चार कोलांट्या खाणारी गाडी हा वेगळा विषय आहे. शहापूर-मुरबाडच्या आतल्या रस्त्यांवर मात्र बार खरोखर माणूस वाचवू शकतो, म्हणून तो निवडताना चमक आणि जाडजूड दिसणं बघून भुलू नये. बाजारात रोल बार म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कमानी फक्त दिवे लावण्यासाठी आणि फोटोसाठी बनवलेल्या असतात. चार पातळ स्क्रूंनी पत्र्यावर बसवलेली क्रोमची कमान उलटणाऱ्या गाडीखाली पहिल्याच धक्क्यात पत्रा फाडून आत घुसते. तशी कमान असण्यापेक्षा नसलेली बरी.

शेतकरी वाचकांनी ट्रॅक्टरचं उदाहरण आठवावं. बांधावरून ट्रॅक्टर उलटून चालक दगावल्याची बातमी आपल्या भागाला नवी नाही. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटत गेले. ट्रॅक्टरही जीपसारखाच उंच, अरुंद आणि संथ. तो उलटतोही तसाच. चौकट आणि सीटचा पट्टा दोन्ही असले की माणूस वाचतो, एकच असलं की भरवसा राहत नाही, हे तिथे शिकलेलं जीपलाही तसंच्या तसं लागू पडतं.

बारचा विचार करण्याआधी गाडी का उलटते, तेही समजून घ्या, कारण आपणच तिला उलटायला सोपी करून ठेवतो. दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग आणि गाडीच्या गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची यांचं गुणोत्तर काढा. ते जितकं कमी, तितकी गाडी लवकर कलंडते. समजा, चाकांमधलं अंतर १३०० मिमी आणि गुरुत्वमध्य ६५० मिमी उंचीवर आहे. कागदावर ही गाडी ४५ अंशाच्या आडव्या उतारावर कलंडेल. आता उंच स्प्रिंग आणि मोठे टायर घालून तो मध्य ५० मिमी वर नेला, तर कलंडण्याचा कोन ४३ अंशांच्या खाली येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायर दबतात, गाडी हलत असते, त्यामुळे खरा कोन याहून बराच कमी असतो. अमेरिकेत १९८८ मध्ये एका ग्राहक मासिकाने सुझुकी सामुराईला, म्हणजे आपल्या जिप्सीच्या सख्ख्या भावंडाला, ती वळणावर उलटते असं सांगून नापास केलं होतं. सुझुकीने त्याविरुद्ध १९९६ मध्ये दावा लावला आणि २००४ मध्ये तडजोड झाली. त्या वादात कोण बरोबर होतं यात इथे शिरायचं कारण नाही. छोटी, अरुंद, उंच गाडी जपून चालवावी लागते, एवढं मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. गाडी आणखी उंच करायचे पैसे तुमच्याकडे असतील, तर ते आधी बार आणि पट्ट्यांवर खर्च करा.

आता गाडीचा गालिचा उचला. हे पहिलं काम, आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, कापडी टपातून पाणी आत येतंच, आणि रबरी मॅटखाली ते दिवाळीपर्यंत साचून राहतं. पुढच्या सीटच्या मागचा, मागच्या चाकाच्या कमानीलगतचा पत्रा आतून गंजून चाळण झालेला असतो. बारचे पाय नेमके तिथेच येतात. पेचकस घ्या आणि टोकाने पत्रा ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भुसभुशीत लागला, पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर बारची चौकशी तिथेच थांबवा. आधी सडका भाग कापून नवा पत्रा घाला, मग पुढचं बोला. सडक्या पत्र्यावर जगातला उत्तम बार बसवला तरी तो गाडीसकट नव्हे, गाडीतून निघून येईल.

पत्रा चांगला असला तरी तो एकटा पुरत नाही. गाडीच्या तळाचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा. त्याच्यावर पाइपाचं गोल टोक उभं राहिलं, तर सगळा भार रुपयाएवढ्या जागेवर येतो. म्हणून पायाखाली पसरट पट्टी हवी आणि पत्र्याच्या खालच्या बाजूनेही तेवढीच पट्टी हवी, म्हणजे पत्रा दोन पट्ट्यांच्या मध्ये सँडविचसारखा दाबला जातो. शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयए ही जागतिक संघटना जे नियम ठरवते, त्यात मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाला किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची मजबुतीची पट्टी सांगितली आहे. म्हणजे साधारण दहा बाय बारा सेंटिमीटर. मागच्या टेक्यांना याच्या निम्मी चालते. प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट, कमीत कमी ८ मिमीचे आणि ८.८ ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं. कोरलेलं नसेल तो बोल्ट परत करा. मी स्वतः आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांचा विचार करून १० मिमीचे बोल्ट, मोठे वॉशर आणि नायलॉनचे लॉक नट घालायला सांगतो. वजन काही ग्रॅमनेच वाढतं.

जीप आणि जिप्सी या चॅसीवर बसवलेल्या गाड्या आहेत. खाली शिडीसारखी चौकट, वर रबरी गाद्यांवर टेकवलेली बॉडी. खडबडीत वाटेवर चॅसी पिळते आणि बॉडी त्या रबरांवर थोडी वेगळी हलते. काही मिस्त्री ‘एकदम पक्कं’ करायचं म्हणून बारचे पाय सरळ चॅसीला वेल्ड करून टाकतात. दोन-तीन महिन्यांत वेल्डिंगपाशी बारीक तडा दिसू लागतो, किंवा फ्लोअरचा पत्रा भोकाभोवती फाटायला लागतो. त्यापेक्षा पाय बॉडीवर, पण बॉडीच्या आडव्या पट्टीच्या आणि रबरी गादीच्या जवळात जवळ बसवावेत. चॅसीशी जोडायचंच असेल, तर मध्ये रबराचा बुश घालून जोडावं. सर्वांत चुकीची जागा म्हणजे मागच्या बाजूच्या पत्र्याची वरची कड. तयार मिळणाऱ्या बऱ्याच कमानी तिथेच बसवायच्या असतात, कारण बसवायला सोपं जातं. तो पत्रा कुशीच्या धक्क्यात बाहेर दुमडतो आणि कमान आडवी होते.

पाय ठरले, की मग पाइप.

इथल्या वर्कशॉपात तुम्हाला विचारतील, ‘दीड इंची घालू का एक इंची? बी क्लास का सी क्लास?’ ही पाण्याच्या पाइपांची भाषा आहे आणि ती समजून घेतली तर फसवणूक होत नाही. पाण्याच्या पाइपांचे इंच आतल्या व्यासाच्या अंदाजाने म्हणतात. दीड इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी भरतो. पिवळा पट्टा हलक्या म्हणजे ए क्लास पाइपाचा, निळा बी क्लासचा, लाल सी क्लासचा. बी क्लासमध्ये दीड इंचीची जाडी ३.२ मिमी असते. एफआयएचे नियम मात्र वेगळा पाइप सांगतात: थंड ओढलेला, सांधा नसलेला, कमी कार्बनच्या पोलादाचा, निदान ३५० मेगापास्कल ताणशक्तीचा. मुख्य कमानीसाठी बाहेरचा व्यास ४५ मिमी आणि जाडी २.५, किंवा ५० मिमी आणि जाडी २. बाकीच्या टेक्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालतो. वर्कशॉपात ‘सीडीएस सीमलेस’ असं मागा. आपल्या गावात मिळाला नाही तर भिवंडी, कल्याण किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात चौकशी करा.

जाड पाइप म्हणजे मजबूत पाइप, हा समज इथे महाग पडतो. हिशोब करून बघू. एक इंची बी क्लास पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी, जाडी ३.२, वजन मीटरला साधारण २.४ किलो. ४५ बाय २.५ पाइपाचं वजन मीटरला २.६ किलो. वजन जवळजवळ सारखं. पण वाकायला विरोध करण्याची ताठरता पहिल्याची दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी, कारण ताठरता मुख्यतः व्यासावर अवलंबून असते आणि तीही चढत्या हिशोबाने. म्हणून भिंत जाड पण व्यास बारीक असा पाइप कोणी गळ्यात मारत असेल, तर घेऊ नका. सीमलेस अगदीच मिळेना, तर ४८.३ मिमीचा बी क्लास काळा पाइप हा खालचा पर्याय मानावा. तो वजनाला मीटरमागे साडेतीन किलो पडतो, त्याचं पोलाद हलक्या प्रतीचं असतं आणि त्याला लांबीभर सांधा असतो. वाकवताना तो सांधा बाकाच्या बाहेरच्या किंवा आतल्या अंगाला येऊ देऊ नये, कडेला ठेवावा. जीआय पाइप मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. त्याच्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेत जळतं, सांधा कच्चा राहतो आणि त्या धुराने वेल्डरला थंडीताप भरतो. मिस्त्रीच्या तब्येतीसाठीही तो टाळा. आणि स्टेनलेसचा पातळ, चकचकीत पाइप म्हणजे जिन्याचा कठडा. तो गाडीत घालू नये.

पाइप वाकवण्याची रीत पाइपाइतकीच महत्त्वाची. वाळू भरून, गॅसने लाल करून, झाडाच्या बुंध्याला अडकवून पाइप वाकवणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या हातात कसबही आहे. पण तापवलेल्या जागी पाइप मऊ पडतो, बाहेरच्या अंगाला पातळ होतो, आतल्या अंगाला सुरकुती पडते. उलटल्यावर कमान तिथेच दुमडते. हायड्रोलिक बेंडरवर, योग्य मापाच्या डायने, न तापवता वाकवून घ्या. बाकाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वाकवल्यावर पाइप चपटा झाला का हे कॅलिपरने मोजा. सर्वांत कमी व्यास सर्वांत जास्त व्यासाच्या ९० टक्क्यांहून कमी भरला, तर तो बाक नाकारा. कोपऱ्यात नळाचे तयार एल्बो घालून किंवा पाइप ४५ अंशात कापून चौकोनी कमान बनवून देतात, ती घेऊच नका. मुख्य कमान एका अखंड पाइपाची हवी, पायापासून पायापर्यंत एकही जोड नको.

कमान एकटी उभी असेल तर ती पुढेमागे कोसळते. म्हणून तिच्या वरच्या कोपऱ्यांजवळून मागे जाणारे दोन सरळ टेके हवेत, उभ्या रेषेशी किमान ३० अंश कोन करणारे. टेके वाकडे, दिसायला डौलदार असे करून घेऊ नका. वाकडा टेका दाबाखाली आणखी वाकतो. चालकाच्या डोक्यामागच्या कोपऱ्यातून विरुद्ध बाजूच्या पायाकडे जाणारा एक तिरपा पाइप कमानीतच घातला, तर कुशीवर पडताना चौकट समांतर चौकोनासारखी लवत नाही. हा तिरपा पाइप मागच्या बाकाची वाट अडवतो म्हणून लोक नको म्हणतात. माझ्या मते तो ठेवावाच. मागे माणसं नेणं आणि बार मजबूत ठेवणं यांत निवड करायची असेल, तर त्या गाडीत मागे माणसं नेऊ नयेत.

वेल्डिंग करणाऱ्याला घाई करू देऊ नका. जोडायच्या पाइपाचं टोक दुसऱ्या पाइपाच्या गोलाईला बसेल असं खोबणीत कापलेलं हवं. फट ठेवून ती इलेक्ट्रोडने भरून काढणं म्हणजे मेण लावण्यासारखं. सीओटू वेल्डिंग असेल तर उत्तम, आर्कवर हात बसलेला कारागीर असेल तर तेही चालेल. पण सांधा पूर्ण गोल फिरलेला हवा, हुडाच्या बाजूने अडचणीचा म्हणून अर्धवट सोडलेला नको. आधी गाडीत टॅक मारून माप पक्कं करावं, मग बार बाहेर काढून पूर्ण वेल्डिंग करावं. गाडीतच वेल्डिंग केलं तर ठिणग्यांनी हूड, वायरिंग आणि पेट्रोलची टाकी धोक्यात येते. वेल्ड झाल्यावर ते ग्राइंडरने घासून गुळगुळीत करायची फॅशन आहे. घासलं की सांध्याचा भारच कमी होतो आणि आतली पोकळी पुटीने झाकली जाते. मला वेल्डची लाट डोळ्यांना दिसलेली आवडते, कारण मग ती तपासता येते. रंग पातळ ठेवा, जाड पावडर कोटिंगखालचा तडा दिसत नाही.

डोकं कुठे येतं

आता सीटवर बसा. नेहमी बसता तसे, पट्टा लावून. एक सरळ काठी घ्या आणि कमानीच्या वरच्या टोकापासून बॉनेटच्या मागच्या कडेपर्यंत धरायला मदतनिसाला सांगा. काचेच्या चौकटीवर नाही, कारण ती दुमडेल असं आपण धरून चाललो आहोत. तुमचं डोकं त्या काठीच्या खाली, शक्य तितकं अंतर राखून हवं. डोक्याच्या वर कमानीचं टोक निदान पाच सेंटिमीटर हवं, आणि आपल्याकडे मी त्याहून जास्त मागतो. कारण आपली गाडी कडक रस्त्यावर नव्हे, लावणीच्या चिखलात पडते. चिखलात पाइप रुततो आणि तेवढं अंतर कमी होतं.

हुडाची उंची आड येते, हे खरं. कापडाला घासेल म्हणून कमान बुटकी करायची सवय आहे. बुटकी कमान मागच्या सीटच्या पाठीएवढी असेल तर ती सामान अडवते, माणूस वाचवत नाही. हूड शिवणाऱ्याकडे जा, त्या जागी कापडाला आतून रेग्झिनची पट्टी लावून घ्या आणि कमान हुडाला जवळजवळ टेकेल इतकी उंच घ्या. उंच माणसाला सीटची गादी पातळ करून बसणं भाग पडलं तर करावं. ताडोबा किंवा पेंचमधल्या सफारीच्या जिप्सी तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या सीट उंच केलेल्या असतात आणि धरायला आडव्या कांबी असतात. त्या कांबी पाहुण्यांना धरून बसण्यासाठी आहेत. पुढे मुरबाडमध्ये कुणी तशीच ‘सफारी बॉडी’ रस्त्यावर चालवायला बनवून घेऊ म्हणालं, तर त्याला थांबवा. त्या उंचीवर प्रत्येक डोकं गाडीच्या प्रत्येक पोलादी भागापेक्षा वर असतं.

पट्ट्याविना बार अपायकारक आहे. गाडी कलंडताना न बांधलेला माणूस आपल्या जागेवरून उडतो आणि जो पाइप त्याला वाचवणार होता, त्याच्यावरच त्याचं डोकं आदळतं किंवा तो अर्धवट बाहेर फेकला जाऊन बारखाली येतो. त्यामुळे बारच्या पैशात पट्ट्यांचे पैसे धरा. जुन्या जीपला पट्टे नसतील, तर तीन बिंदूंचे, अधिकृत प्रतीचे, नवीन घ्या. भंगारातल्या गाडीचे नकोत, कारण तो पट्टा एखाद्या अपघातात ताणलेला असू शकतो. पट्टा खाली फ्लोअरला बांधलेला आणि खांद्यावरून खाली खेचणारा असेल, तर धक्क्यात पाठीचा कणा दाबला जातो. खांद्याचा बिंदू खांद्याच्या पातळीला, कमानीवर पक्क्या केलेल्या कानात हवा.

डोकं पोहोचेल तिथल्या प्रत्येक पाइपावर गादी लावा. एसीच्या पाइपावर गुंडाळतात तो मऊ फोम बोटाने दाबला तर पाइप लागतो, म्हणजे डोक्यालाही लागेल. दाट, कडक फोम हवा. शर्यतींसाठी एफआयएने ८८५७-२००१ हे मानक ठरवलं आहे. त्या प्रतीचा माल महाग असला तरी डोक्याशेजारच्या दोन हात पाइपाला तो पुरेसा होतो. हे वाचून कुणाला वाटेल, की मग पुढेही कमानी घालून पूर्ण रोल केजच का करू नये? ऑफ-रोड स्पर्धेत उतरणार असाल, हेल्मेट घालणार असाल, तर जरूर करा. भारतातल्या मोटरस्पोर्टची नियामक संस्था एफएमएससीआय आहे, त्यांच्या नियमांप्रमाणे करा. पण रोज आसनगाव स्टेशन ते किन्हवली जाणाऱ्या, हेल्मेट न घालणाऱ्या माणसाच्या कानशिलाशेजारी कायम पोलादाचा पाइप ठेवणं मला पटत नाही. समोरून साधी धडक बसली तरी तो पाइप लागतो. रोजच्या वापराला चार पायांचा मजबूत बार हीच माझी निवड.

मागे बसणाऱ्यांचं काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. मुख्य कमान पुढच्या सीटमागे असते. तिच्या मागे आडव्या बाकांवर तोंडाला तोंड देऊन बसलेल्यांना तिचं जवळजवळ काहीच संरक्षण नाही. टेके खाली उतरत जातात, त्यामुळे मागच्यांची डोकी टेक्यांच्या वर येतात. आडव्या बाकावरचा पट्टाही कुचकामी. मागे माणसं बसवायचीच असतील, तर समोर तोंड असलेली सीट, पट्टा आणि त्या सीटमागे दुसरी कमान. एवढं करायचं नसेल, तर मागे फक्त सामान आणि तेही बांधलेलं. म्हसाच्या यात्रेला किंवा पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांकडे जाताना मागे बार धरून उभी राहिलेली पोरं हे दृश्य आपण सगळे दरवर्षी बघतो. बार हा उभं राहून धरायचा दांडा नाही. त्या मुलांना कुणी कठोरपणे खाली बसवलं नाही, तर बार बसवून आपण त्यांना उभं राहायला एक सोय करून दिली, एवढंच होतं.

बार बसवल्यावर त्याच्यावर काही लटकवू नका. कमान, टेके, तिरपा पाइप आणि पट्ट्या मिळून वीस-पंचवीस किलो होतात, तेवढं गाडी सहन करते. वर स्टेपनी, पेट्रोलचा कॅन, दिव्यांची रांग आणि तंबू चढवला, की वर केलेला गुरुत्वमध्याचा हिशोब बिघडतो. पट्टा कापायची छोटी सुरी मात्र चालकाच्या हाताला येईल अशी कमानीला बांधून ठेवा. खाचरात पाणी असेल आणि माणूस उलटा लटकलेला असेल, तर तिचा उपयोग पहिल्या मिनिटातच होतो.

आता कायदा, कारण तो टाळून हे काम करू नये. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीच्या बाहेर पुढे लावतात त्या बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं. आतला रोल बार आणि बाहेरचा बुल बार यांत फरक असला, तरी तपासणीसाठी थांबवणाऱ्याला तो रस्त्यावर समजावत बसावं लागू नये. म्हणून पाइप कापण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत साधं रेखाचित्र आणि अंदाजे वजन जोडा आणि जे उत्तर मिळेल ते गाडीत ठेवा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न सांगता केलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो. परवानगी नाकारली गेली, तर बार लावलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका.

गाडी अजून घ्यायचीच असेल, तर हा सगळा खटाटोप टाळता येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या थारला रोल केज कंपनीकडूनच आहे, तिच्यावर पुन्हा वेगळी कमान चढवायची गरज नाही. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपने तिला चार तारे दिले, पण ती चाचणी समोरच्या धडकेची होती. तारे बघून उलटण्याबद्दल निश्चिंत होऊ नये, पट्टा तिथेही तितकाच लागतो. जुनी जिप्सी घेताना पूर्वीच्या मालकाने बार बसवलेला असेल तर किंमत वाढवून मागतात. वर सांगितलेल्या गोष्टी एकेक तपासा: पायाखालची पट्टी, बोल्टचं डोकं, पाइपाचा व्यास, बाकाची गोलाई. पाइपाची जाडी बघायला एखाद्या टोकाला छोटं भोक पाडून मोजू द्या म्हणावं. मालक नकार देत असेल, तर तो बार फुकट समजून किंमत ठरवा आणि घरी आणल्यावर आधी काढून ठेवा.

बसवलेल्या बारची देखभाल वर्षातून दोनदा करावी. मे महिन्यात, पावसाआधी, सगळे बोल्ट पान्याने तपासून घ्या आणि प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ मारा, म्हणजे तो फिरला की रेघ तुटलेली दिसेल. पायाच्या पट्ट्यांच्या कडेला सीलंट भरा. पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, मॅट काढून पत्रा कोरडा करा, पट्ट्यांभोवती तांबूस गळती दिसते का ते बघा, वेल्डवर पातळ फडक्याने रॉकेल पुसून खडूची पूड लावा. बारीक तडा असेल तर त्यातून रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. गाडी एकदा जरी उलटली, तरी तो बार दुरुस्त करून परत घालू नका, बाहेरून सरळ दिसत असला तरीही. त्याच्याबरोबर पट्टे आणि पायाचे बोल्टही नवे घ्या.